बोटं उठेपर्यंत

ठशाच्या मशीनवर हिची बोटं दुसऱ्यांदा उठली नाहीत तेव्हा कचेरीच्या खिडकीतल्या साहेबाने कागदावर लाल रेघ मारली आणि म्हणाला, "आता एकच खेप. बावीस दिवसांनी या. तेव्हाही नाही उठली तर अर्ज बंद."

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"बंद म्हणजे बंद. मग बाईंनी नदीपलीकडे परत जायचं आणि तिकडून नव्याने अर्ज करायचा."

"त्याला किती दिवस लागतात?"

"दोन वर्षं. कधी तीनही लागतात." त्याने मशीनची काच फडक्याने पुसली. "हाताला जरा आराम द्या म्हणावं. ही काय बोटं आहेत?"

हे तो हिच्यासमोरच म्हणाला. हिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घरी येईपर्यंत ते पुढे आणले नाहीत. बसमध्येसुद्धा हातांवर बसून राहिली. मला त्या साहेबाचा राग आला, पण मी राग घरी आणून चाकावर काढणारा माणूस आहे. खिडकीपाशी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमचा धंदा दोर वळण्याचा. मी चाक फिरवतो, ही दोर सोडते. लोकांना वाटतं चाकवाला मालक आणि दोरवाली मदतीला. खरं उलटं आहे. चाक कोणीही फिरवेल, मी फिरवतो यावरूनच ते कळावं. घायपाताचा वाख, म्हणजे पानातले चिवट धागे, कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि उलट पावली चालत जायचं. चालता चालता अंगठा आणि दोन बोटं यांच्यामधून वाख सोडत राहायचा. मी फिरवतो तसा त्याला पीळ बसतो. आमची वाट एकशे साठ पावलांची आहे, सरळ, झाडांखालून गेलेली. चौतीस वर्षं ही माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब लांब जात आली आणि दर वेळी त्या टोकाहून परत आली. वाखाने तिच्या बोटांवरच्या रेघा कधीच पुसून टाकल्या होत्या. आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. हात गुळगुळीत झाला म्हणजे दोर चांगला सुटतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

गाव हिला 'पलीकडची' म्हणतं. लग्न करून नदीपलीकडून आली म्हणून. नदीच्या मधोमध देश बदलतो. पाण्यावर रेघ वगैरे काही दिसत नाही, पण आहे म्हणतात. हिच्याजवळ तिकडचं जुनं कार्ड होतं, त्यावर दरवर्षी चौकीत शिक्का मारून घ्यायचा, की राहा आणखी एक वर्ष. चौतीस शिक्के झाले. यंदा हुकूम निघाला की असे शिक्के आता मिळणार नाहीत. वर्ष संपायच्या आत इथलं नागरिक व्हा, नाहीतर परत जा.

मी इथे जन्मलो म्हणून इथला. त्यासाठी मी काय केलं, तर रडलो. तेही आई सांगायची म्हणून माहीत. हिला मात्र अकरा पानांचा अर्ज भरावा लागला. आमची लेक आमच्याकडेच राहते, तिचा नवरा लांब रस्त्याच्या कामावर असतो. अर्ज तिने भरला, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, पाटावर कागद ठेवून. इतक्या वर्षांत देशाबाहेर किती दिवस राहिलात, या प्रश्नाला हिने बोटं मोजून उत्तर दिलं. आई वारली तेव्हा अकरा दिवस, बहीण आजारी होती तेव्हा दोन. लेक म्हणाली, "आई, दोन दिवस कोण बघतंय? सोडून दे."

"मी बघतेय ना," ही म्हणाली.

मग तोंडी परीक्षा झाली. देशात नद्या किती, न्यायालयं कोणती, कायदा कोण करतं. हिने सगळं पाठ केलं होतं. चाकापाशी बसून मीच तिला प्रश्न विचारायचो. वीसपैकी वीस उत्तरं बरोबर. मला त्यातली नऊ आली असती, आणि मला कोणी विचारलं नाही. राहिला तो फक्त ठसा. आणि बोटं काही उठेनात.

घरी आल्या आल्या लेकीने निकाल दिला. "बावीस दिवस आईने कशाला हात लावायचा नाही. दोर नाही, भांडी नाही, झाडू नाही. रेघा परत येतात म्हणे, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलंय."

"आणि नावेचा दोर?" ही म्हणाली.

खरी अडचण तीच होती. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत आडवा दोर बांधलेला असतो, तो हाताने ओढत नावाडी नाव पलीकडे नेतो. जुना दोर झिजून केसाळ झाला होता. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी चढतं, त्याआधी नवा दोर बांधायलाच हवा. एकवीस सुतळ्या, सातांचा एक असे तीन पेड, तिन्ही पेड मिळून दोनशे हात दोर. आसपास दुसरं कोणी दोर वळणारं नाही.

"मी वळतो," मी म्हणालो.

लेक हसू दाबायला पोटावर हात ठेवून आत गेली.

"हातमोजे घालून मीच वळते की," ही म्हणाली.

"तूच म्हणतेस ना, मोजे घालून दोर वळणं म्हणजे कापूस कानात घालून गाणं ऐकणं. गप बस."

दुसऱ्या दिवसापासून ती चाकावर आणि मी वाटेवर. चाकाच्या मुठीला मी जुन्या मऊ फडक्याचे चार वेढे दिले आणि तिला म्हटलं, तळव्याने फिरव, बोटं लावू नकोस. कमरेला वाख गुंडाळून मी उलटा चालायला लागलो आणि पंचवीस पावलांवर पाय अडकून बसलोच. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. तिने पदर तोंडाला लावला. आदल्या संध्याकाळी तिने मला भांडी घासतानाही पाहिलं होतं.

रोज दिवस मावळायच्या आधी आम्ही एक काम करायचो. चाकाच्या आसाला काळं वंगण असतं. त्यात हिचा उजवा अंगठा मी टेकवायचो आणि चाकामागच्या चुन्याच्या भिंतीवर हळूच उमटवायचो. पहिल्या दिवशी नुसता काळा डाग आला. दुसऱ्या दिवशीही डाग. चौथ्या दिवशी लेक कंदिलाची काच पुसावी तसे डोळे पुसून जवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, कडेला दोन रेघा आहेत."

आम्ही तिघंही भिंतीला नाक लावून उभे राहिलो. होत्या. मला इतका आनंद झाला की मी हिचा अंगठा वंगणासकट माझ्या सदऱ्याला पुसला.

रात्रीचं जेवण झालं की मी तिच्या बोटांना तेल लावायचो. लग्न झाल्यापासून तिचे हात असे कधी माझ्या हातात राहिलेच नव्हते. त्यांना वेळच नसायचा. मधल्या बोटाच्या पेरावर एक जुना व्रण आहे, तो कशाचा ते मला तेव्हा कळलं. लेकीच्या वेळी, सातव्या महिन्यात, आकडा लागला होता. "तेव्हा सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही चाक थांबवलं असतं," ती म्हणाली.

आठ सुतळ्या झाल्यावर नावाडी बघायला आला. आमच्या चुलत्यांचा मुलगा, मला दादा म्हणतो. त्याने एक सुतळी बोटांतून ओढत नेली. दहा पावलांवर थांबला, परत मागे गेला, परत थांबला.

"दादा, ही कुणी वळली?"

"मी."

त्याने सुतळी खाली ठेवली. "बकऱ्या बांधायला बरी आहे." मग हिच्याकडे वळून हलकेच म्हणाला, "वहिनी, या दोरावर माणसं जायची आहेत. पलीकडून तुमची बहीणही येते माझ्या नावेत."

तो गेल्यावर मी त्या आठही सुतळ्या उलगडून पुन्हा बघितल्या. कुठे अंगठ्याएवढ्या जाड, कुठे दोऱ्यासारख्या बारीक. माझ्या बोटांची कातडी निघाली होती आणि त्याबद्दल दाखवायला हे एवढंच होतं. मला रडू आलं. ते मी घाम म्हणून पुसलं.

"उठा," ही म्हणाली. चाकाची मूठ तिने लेकीच्या हातात दिली. बसून एका हाताने फिरवायचं, तेवढं तिला जमण्यासारखं होतं. स्वतःचे दोन्ही हात तिने काखेत धरले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "चला. उलटं. मी बरोबर चालते."

मी चालायला लागलो. तीही माझ्या खांद्याला खांदा लावून उलट पावली.

"सोडा. सोडा. आता थोडं आवळा. एवढं नाही हो, मान धरताय का कोणाची?"

"मग सुटतो."

"सुटू दे. दाबून धरला की गाठ येते. पाखराचं पिलू हातात धरतात तसं धरायचं. पळू नये आणि गुदमरूही नये. हां, असं. सोडा."

त्या दिवशी आम्ही तीन सुतळ्या केल्या. तिसरी तिने गालावरून ओढून बघितली, कारण बोटं लावायची नव्हती. मग दुसऱ्या दिवशी चौथी करायला सांगितली, तेव्हा मला कळलं की जमली. पुढचे सगळे दिवस आम्ही दोघं त्या वाटेवर उलटे चालत होतो आणि लेक चाकावरून म्हणायची, "दोघंही लांब जाताय माझ्यापासून. येताना काहीतरी खायला आणा." भिंतीवरचे अंगठे रांगेत वाढत गेले. सोळाव्या दिवशी मधली भोवऱ्यासारखी रेघ स्पष्ट दिसली.

विसाव्या दिवशी दोर वळून झाला. नावाडी आला, सगळा दोर बोटांतून काढत गेला आणि त्या टोकाहून हात वर केला. पण काठावरच्या खांबांना अडकवायला दोन्ही टोकांना फासे करायचे राहिले होते. पेड उसवायचे, टोकदार खुंटीने दोराचा पीळ उघडायचा आणि एकेक पेड बोटाने आत रेटत परत विणायचा. मी एक फासा केला. नावाडी आणि मी दोघांनी झटका दिला, तर तो सरकला. पुन्हा केला. पुन्हा सरकला. सकाळपासून डोंगराकडे काळं होतं आणि नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. नावाड्याने सांगितलं, जुन्या दोराचा एक पेड सकाळीच तुटलाय.

"दोन दिवस नाव बंद ठेव," मी म्हणालो.

"ठेवली असती. पलीकडून दवाखान्यात आलेली माणसं इकडे अडकलीत, दादा. त्यांना घरी न्यायचंय."

ही उठली. मी म्हणालो, "नको." लेक म्हणाली, "आई, परवा तारीख आहे."

"माहीत आहे," ही म्हणाली. खाली बसली, दोराचं टोक मांडीवर घेतलं आणि खुंटी मागितली.

दोन्ही फासे व्हायला तास लागला. नवा वाख कोरडा आणि धारदार असतो. उजव्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी ती पेड रेटत होती, खुंटी निसटून एकदा डाव्या तर्जनीत घुसली. मी समोर बसून पाहत होतो आणि माझ्या मनात काय येत होतं ते सांगतो. दोन वर्षं. कधी तीन. लेकीचं मूल चालायला लागेल. मी एकट्याने चाक फिरवून काय करू? कोण जाईल त्या टोकाला?

नावाडी दोर खांद्यावर घालून गेला. दुपारनंतर नाव नव्या दोरावर पलीकडे गेली आणि आली. त्या संध्याकाळी हिने भिंतीपाशी यायला नकार दिला. मी तिचा हात उलटा करून पाहिला. अंगठा लाल, सोललेला, पुन्हा कोराच्या कोरा.

"रागावलात?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि तेलाची वाटी घेऊन आलो.

तारखेच्या दिवशी लेकीजवळ नावाड्याची बायको थांबली. बसस्टॉपवर मी पुन्हा हिच्या दहाही बोटांना तेल चोळलं. मऊ राहतील, तेवढीच मदत, असा माझा हिशेब. कचेरीत या वेळी खिडकीत एक तरुण मुलगी होती. हिने काचेवर बोट ठेवलं. लाल दिवा. दुसरं बोट. लाल. मुलीने काचेकडे वाकून बघितलं.

"मावशी, हाताला काय लावलंय?"

"तेल."

"कोणी सांगितलं लावायला?"

हिने माझ्याकडे बोट दाखवलं. रांगेतली माणसं हसली. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "साबणाने धुऊन, कोरडे करून या. घाई नाही," मुलगी म्हणाली. तिच्या 'घाई नाही' या दोन शब्दांवर मी आजही जीव टाकीन.

धुऊन आल्यावर तिने सांगितलं, दहापैकी सहा उठली तर चालतात. उजवा अंगठा गेला. त्याच्या शेजारची दोन गेली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उठलं, हिरवा दिवा लागला. दोन झाली. डाव्या हाताची शेवटची तिन्ही उठली. पाच. खुंटी लागलेली तर्जनी गेली. राहिला डावा अंगठा.

लाल.

"पुन्हा ठेवा."

लाल.

मुलीने हात कीबोर्डवरून काढून घेतला. "मावशी, एका बोटाला तीनच संधी असतात. हे शेवटचं बोट, तेही तिसऱ्यांदा नाही आलं तर मशीन आपोआप अर्ज बंद करतं. माझ्या हातात नाही ते. हवं तर पाणी प्या थोडं."

हिने पाणी घेतलं नाही. फडक्याला अंगठा पुसला, श्वास घेतला आणि बोट काचेकडे नेलं. मी मागे उभा होतो. तेव्हा मला तिचं नख दिसलं. काचेला अजून लागलंही नव्हतं, पण अंगठा इतका ताठ धरला होता की नख पांढरं पडलं होतं. सगळी ताकद त्या पेरात. चौतीस वर्षं ज्या हाताने वाखाला हलकं धरलं, तो हात इथे भीतीने मूठ आवळून बसला होता. घरी भिंतीवर तिचा अंगठा रोज मीच धरून टेकवत होतो. तिने स्वतः एकदाही टेकवला नव्हता.

"थांब," मी म्हणालो. खिडकीपाशी माझ्या तोंडून शब्द फुटला.

ती वळली.

"सोड. सोड. आवळू नकोस. गाठ येते."

तिने बोट काचेपासून जरा मागे घेतलं.

"पिलू आहे. तूच सांगितलंस ना? गुदमरू देऊ नको."

तिचा खांदा खाली आला. मग कोपर. मग अंगठा काचेवर असा टेकला की जणू काच झोपलेली आहे. नखाचा रंग गुलाबी राहिला. दिवा काही क्षण कोणताच लागला नाही. मग हिरवा लागला.

"आधीही एवढंच दाबत होतात का?" मुलीने विचारलं.

"चांगलं उठावं म्हणून," ही म्हणाली.

म्हणजे माझी बावीस दिवसांची भांडी फुकट गेली. पण मी ते तिथे बोललो नाही. घरी आल्यावर बोललो, आणि अजून अधूनमधून बोलतो.

नंतर आत नेऊन शपथ वाचायला दिली. हिने उभं राहून वाचली, एक शब्द अडला तो परत मागे जाऊन नीट म्हटला. मग जुनं कार्ड जमा करायला सांगितलं. ते टेबलावर ठेवताना तिचा हात जरा रेंगाळला. "यातला फोटो मिळेल का?" तिने विचारलं. मुलीने मान हलवली, तसा नियम नव्हता. ही म्हणाली, "असू दे."

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. "तिकडे ताईकडे जायचं तर आता मला पास काढावा लागेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या फोटोत मी एकोणीस वर्षांची होते."

"माहीत आहे. मी पाहिलंय तुला तेव्हा."

"आठवते?"

"उजव्या बाजूला भांग होता. आणि चिडलेली होतीस."

ती हसली आणि तिचे डोळे भरले. हात या वेळी मांडीवर होते, तळवे वर. मी त्यातला एक धरला, भर बसमध्ये.

नावाडी स्टॉपवरच उभा होता. "काय वहिनी? आता पलीकडची म्हणायचं नाही की काय?"

"म्हणा की," ही म्हणाली. "मी तिकडूनच आलेय."

पाचव्या दिवशी भर दुपारी लेक बाळंत झाली. गावच्या दवाखान्यात, मुलगी. तासाभराने नर्सबाई मोठी वही घेऊन आल्या. आईचं नाव, बापाचं नाव, गाव, वेळ. शाईच्या गादीवर बाळाचा पाय टेकवला आणि वहीत उमटवला. एवढंसं पाऊल, पण प्रत्येक रेघ मोजून घ्यावी अशी. नागरिकत्वाच्या रकान्यात त्यांनी न विचारता देशाचं नाव लिहिलं आणि वही मिटली.

"एवढंच?" हिने विचारलं.

"एवढंच. इथे जन्मली ना."

"आणि शपथ?"

नर्सबाई हसल्या. "रडली की मघाशी. तीच."

हिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, चौतीस वर्षांचं. पण तसं नव्हतं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने नातीला मांडीवर घेतलं, पायाची शाई ओल्या कापसाने पुसली, आणि आपला सोललेला उजवा अंगठा तिच्या तळव्यावर ठेवला. बाळाची बोटं मिटली.

लेक पडल्या पडल्या म्हणाली, "आई, खरखरीत लागेल तिला."

"लागू दे," ही म्हणाली आणि वाकून, नातीच्या कानाशी, दोरवाटेवरच्या आवाजात म्हणाली, "आवळ. आता आवळ, बाई. मी कुठे जात नाही."